वाय-फाय नेमकं कुठे अडतं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. तेव्हापासून घराघरांतले दहा-अकरा इंची, दोन-चार जीबी रॅमचे छोटे लॅपटॉप सरसकट निकामी ठरू लागले आहेत. ते निकामी नाहीत. हलकं लिनक्स चढवलं की असा लॅपटॉप अकरावीची प्रवेशप्रक्रिया, महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज, सातबारा, केळीच्या फळपीक विम्याची कागदपत्रं हे सगळं निभावून नेतो. जळगाव जिल्ह्यातल्या यावल, फैजपूर, साकळी, किनगाव अशा गावांत, जिथे नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणजे हंगामाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, तिथे हे फार मोलाचं आहे. पण लिनक्स चढतं, स्क्रीन उजळते, आवाज येतो आणि वाय-फायच्या यादीत एकही नाव दिसत नाही. लगेच निकाल लागतो: ‘लिनक्सवर वाय-फाय चालत नाही.’ लॅपटॉप माळ्यावर जातो.

हा निकाल चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली यंत्रं वाया जात आहेत. वाय-फाय न चालण्याची कारणं मोजकी असतात, ती ओळीने तपासता येतात आणि त्यातली बरीचशी लिनक्सने स्वतःच नोंदवून ठेवलेली असतात.

केळीवाल्याला ही रीत परकी नाही. बागेच्या शेवटच्या ओळीला ठिबकचं पाणी पोचलं नाही, तर तो आधी मोटार पाहतो, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग सबमेन, आणि शेवटी लॅटरल. पहिल्याच झटक्यात सगळी नळी उपटून नवी टाकत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र लोक नेमकं तेच करतात, लिनक्स पुसून पुन्हा चढवतात. जे पहिल्यांदा नव्हतं ते दुसऱ्यांदाही नसतं, आणि एक दुपार जाते.

सुरुवात वाय-फायच्या रेडिओपासून करावी. टर्मिनल उघडून आरएफकिल ही आज्ञा छोट्या इंग्रजी अक्षरांत द्या आणि एक जागा सोडून पुढे लिस्ट लिहा. उत्तरात ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ समोर होकार असेल तर रेडिओ प्रणालीने बंद ठेवला आहे. आरएफकिल अनब्लॉक ऑल म्हटलं की सुटतो. ‘हार्ड ब्लॉक्ड’ समोर होकार असेल तर कोणतीही आज्ञा उपयोगाची नाही. जुन्या छोट्या लॅपटॉपच्या कडेला एक सरकतं बटण असतं किंवा एफएन कळीसोबत दाबायची विमानाच्या किंवा अँटेनाच्या चित्राची कळ असते. ती पुन्हा दाबायची, बस्स.

रेडिओ सुरू असूनही यादी रिकामीच असेल, तर खरा मामला पुढच्या पायरीवर आहे. तिथे जरा थांबायला हवं.

वाय-फायची चिप हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. तिला चालवायला दोन गोष्टी लागतात: लिनक्सच्या गाभ्यातला ड्रायव्हर, आणि बहुतेक चिपांमध्ये फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत जाऊन चालणारा तिचा स्वतःचा प्रोग्रॅम. ड्रायव्हर बहुधा खुला असतो, म्हणजे कोणीही वाचावा, सुधारावा. फर्मवेअर मात्र बहुतेक कंपन्या बंद ठेवतात. ते वाटायची परवानगीसुद्धा काही कंपन्यांनी वर्षानुवर्षं दिली नाही. डेल आणि एचपीच्या कितीतरी छोट्या लॅपटॉपांत बसवलेली ब्रॉडकॉमची बीसीएम४३१२ ही चिप त्यातलीच. तिचं फर्मवेअर कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढण्यासाठी लिनक्सवाल्यांना वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागला. ब्रॉडकॉमने आपला पहिला खुला वाय-फाय ड्रायव्हर सप्टेंबर २०१० मध्ये दिला, तोही नव्या चिपांसाठी. ‘लिनक्सवर वाय-फाय चालत नाही’ ही ख्याती त्या काळात पसरली. दोष कोणाचा होता, हे ती पसरवणाऱ्यांनी पाहिलं नाही.

बंद फर्मवेअरचा हा वाद महाराष्ट्रातल्या एका खेड्यापर्यंत येऊन पोचला होता. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात इथल्या मराठी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. केंद्राच्या मनुष्यबळ विकास खात्याने आदल्याच वर्षी ही योजना नाकारली होती, तरी हा छोटा प्रयोग उभा राहिला. साडेसात इंची स्क्रीन, ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि फेडोरावर बेतलेलं लिनक्स. डोक्यावर सशासारखे दोन कान, हेच त्याचे अँटेना. ते मिटले की यूएसबीची भोकं झाकली जायची आणि उभे केले की रेंज वाढायची. कान उभे करा, ही त्या यंत्राची पहिली वाय-फाय दुरुस्ती.

एक्सओमधली मार्वेलची चिप हुशार होती. लॅपटॉप झोपलेला असतानाही ती शेजारच्या लॅपटॉपचे संदेश पुढे ढकलू शकायची, त्यामुळे राउटर नसलेल्या वस्तीतही मुलांचे लॅपटॉप एकमेकांना धरून जाळं विणू शकत. पण हे काम करणारं फर्मवेअर बंद होतं. ओपनबीएसडी या खुल्या प्रणालीचे संस्थापक थिओ डी राट यांनी २००६ मध्ये त्यावर जाहीर टीका केली: मुलांना यंत्र उघडून शिकायला देता आणि त्याचाच एक कप्पा कुलपात ठेवता, हे कसं? प्रकल्पाचं म्हणणं होतं की इतक्या कमी विजेत हे काम करणारी दुसरी चिप नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. तरी मला टीकाच अधिक पटते, कारण बंद कप्प्यात बिघाड झाला की गावातला माणूस कितीही शिकलेला असो, त्याचे हात बांधले जातात.

फर्मवेअर मिळवण्याची गाठ तरी आता बरीच सुटली आहे. डेबियन या लिनक्स-प्रकल्पाच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान करून ठरवलं की बंद फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते मिळू लागलं. त्यामुळे कोणी जुन्या पेनड्राइव्हवरून चार-पाच वर्षांपूर्वीचं लिनक्स चढवत असेल, तर पहिला सल्ला हाच: ताजी आवृत्ती उतरवून घ्या.

चिप कोणती हे एलएसपीसीआय ही आज्ञा सांगते, यूएसबी डोंगल असेल तर एलएसयूएसबी. फर्मवेअर मिळालं की नाही हे डीमेसेज (dmesg) ही आज्ञा सांगते. तिच्या लांबलचक उत्तरात फर्मवेअर शब्द शोधा. लोड करता आलं नाही अशा अर्थाची ओळ असेल, तर हव्या असलेल्या फाइलचं नावही तिथेच छापलेलं असतं. कोणाला मदत मागताना हेच नाव आणि चिपचा क्रमांक द्यावा. ‘नेट चालत नाही’ एवढ्यावरून कोणालाही काही सांगता येत नाही.

इथे लोक आणखी एका जागी अडकतात. फर्मवेअर उतरवायला नेट हवं, आणि नेटसाठी फर्मवेअर. यावर उपाय खिशात असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या, पण डेटा नेणाऱ्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला त्यासाठी वेगळं काही लागत नाही. त्या वाटेने फर्मवेअर उतरवलं की वायर काढायला मोकळे.

स्वस्त डोंगलची एक खोड माहीत असावी. त्यातले काही जोडल्यावर आधी आपण सीडी असल्याची बतावणी करतात, म्हणजे आतला विंडोजचा ड्रायव्हर दिसावा. लिनक्सवर त्यांना यूएसबी-मोडस्विच नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने खऱ्या रूपात आणावं लागतं. डोंगल मेलेला आहे असं समजून फेकण्याआधी एवढं पाहा.

आता हवा. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ पासून परवान्याविना खुला आहे. घराबाहेर ५ गिगाहर्ट्‌झ वापरायची मोकळीक २०१८ मध्ये मिळाली. बहुतेक जुन्या छोट्या लॅपटॉपांना फक्त पहिला पट्टा कळतो. फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर असेल, तर शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनला तो दिसतो आणि लॅपटॉपला दिसत नाही. लॅपटॉपमध्ये दोष शोधण्याआधी हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडून पाहा. तसंच राउटर १२ किंवा १३ व्या चॅनलवर असेल आणि लॅपटॉप अमेरिकेच्या नियमांवर चालत असेल, तर तो अकराव्या चॅनलच्या पुढे पाहतच नाही. आयडब्ल्यू या आज्ञेने देश आयएन असा सांगितला की बहुधा नाव उमटतं. काही कार्डांत देश कंपनीनेच पक्का केलेला असतो, तिथे राउटरचा चॅनल बदलावा.

आपल्या भागात हवेपेक्षा भिंती आणि बागा जास्त आडव्या येतात. जुन्या धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत सिग्नल गिळते, पत्र्याचं शेड तो परतवतं. आणि केळी! खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, वर रुंद ओली पानं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात विरतात. लागवड नवी असताना घरातलं वाय-फाय मळ्यातल्या खोलीपर्यंत पोचायचं आणि बाग डोक्याच्या वर गेल्यावर बंद झालं, तर लॅपटॉपला बोल लावू नये. राउटर घडांच्या आणि पानांच्या वर जाईल इतक्या उंचीवर घ्यावा.

सिग्नल भरपूर असूनही गर्दीने वाय-फाय कोलमडतं, हे एक्सओने दाखवून दिलं. एका वर्गात बरेच एक्सओ एकत्र आले की प्रत्येक जण आपली हजेरी सगळ्यांना सांगायचा, तीच हजेरी शेजारी पुढे सांगायचे आणि मुलांच्या कामाला हवेत जागाच उरायची नाही. विरळ वस्तीसाठी केलेली रचना दाट वर्गात थकली, आणि पुढच्या पिढीच्या यंत्रात ही जाळी मागे पडली. आज अभ्यासिकेत तीस फोन आणि दहा लॅपटॉप एकाच राउटरवर असतात, तिथे एखाद्या लॅपटॉपचा वेग मंदावला म्हणून ड्रायव्हर बदलून काही साधत नाही.

जोडलं गेलं, पासवर्डही मान्य झाला, पण साइट उघडत नाही, ही तक्रार वेगळी. लॅपटॉपला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद करून सुरू करा. पत्ता ठीक असेल तर ८.८.८.८ ला पिंग करून पाहा. उत्तर आलं आणि तरी नाव टाकून साइट उघडत नसेल, तर नावाचा पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर बदला. जुन्या यंत्रांत आणखी एक कारण वारंवार निघतं आणि ते वाय-फायचं नसतंच. आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र नाकारतो. तारीख दुरुस्त केली की सगळं उघडतं. बॅटरी काही रुपयांत मिळते.

दर दहा मिनिटांनी तुटणाऱ्या जोडणीत बहुतेकदा वीजबचतीचा हात असतो. उबंटू आणि तिच्या कुटुंबातल्या प्रणाली वाय-फायची वीजबचत आपणहून सुरू ठेवतात. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग फाइलमध्ये पॉवरसेव्हसमोरचा ३ चा आकडा २ केला की ती थांबते. एचपीच्या काही छोट्या लॅपटॉपांत रिअलटेकची आरटीएल८७२३बीई चिप आहे. तिला अँटेनाची एकच वायर जोडलेली असते आणि ड्रायव्हर कधी दुसऱ्या, रिकाम्या टोकावर कान लावून बसतो. राउटरच्या शेजारी बसूनही एकच कांडी दिसत असेल, तर ड्रायव्हरला अँटेना निवडायचा पर्याय देता येतो.

इतकं करूनही आतली चिप दाद देत नसेल, तर डोंगल घ्यावा, पण नाव पाहून नाही, चिप पाहून. अथेरॉसची एआर९२७१ ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्‌झची आहे, वेगही बेताचा, पण तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि तिचं फर्मवेअरसुद्धा २०१३ मध्ये खुलं झालं. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत हीच चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली, खोक्यावरचं नाव तेच राहिलं. जळगावात किंवा भुसावळला दुकानात विचारताना आवृत्ती कितवी ते विचारा. डोंगलच्या पाठीवर बारीक अक्षरांत ती छापलेली असते.