चाकाची पकड आणि व्हील स्पेसर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हील स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसवली जाणारी धातूची चकती. ती बसवली की चाक चकतीच्या जाडीइतके बाहेर सरकते. रुंद टायर आतल्या बाजूला सस्पेन्शनला घासू नये, बाहेरून घेतलेले अलॉय व्हील ब्रेक कॅलिपरला अडू नये किंवा गाडी नुसती रुबाबदार दिसावी, अशा कारणांसाठी स्पेसर लावले जातात. त्यांचे मुख्य प्रकार दोन. साधारण ३ ते १० मिलिमीटर जाडीचे पातळ स्पेसर हबवर नुसते सरकवतात आणि मूळ स्टड त्यांच्या आरपार जाऊन चाकाला धरतात. साधारण २० मिलिमीटरच्या पुढचे जाड स्पेसर आधी मूळ स्टडांवर नट लावून हबला आवळतात, मग चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडांवर बसते. दोन्ही प्रकारांभोवती भीतीही आहे आणि फाजील विश्वासही आहे.

गैरसमज १: गाडीचे वजन स्टडांवर लटकलेले असते, स्टड जाड असले की चाक सुरक्षित.

वस्तुस्थिती: नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे चाक हबवर दाबले जाते. गाडीचे वजन, ब्रेकचा जोर आणि वळणावरची बाजूची ओढ पेलते ते या दाबातून निर्माण होणारे घर्षण. १२ मिलिमीटर व्यासाचा स्टड १०० न्यूटन-मीटर टॉर्कने कोरडा आवळला, तर साधारण ४० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे चार टन ताण निर्माण होतो. चार स्टड मिळून चाक सोळा टनांच्या आसपास जोराने दाबून धरतात. हा दाब टिकून असेपर्यंत स्टडवरचा भार फारसा बदलत नाही. दाब कमी झाला की चाक हबवर सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते, आणि ज्या वाकवणाऱ्या भारासाठी स्टड बनलेला नाही तो त्याला प्रत्येक फेरीत सोसावा लागतो. स्पेसरविषयीचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न हा दाब टिकतो की नाही, याच मुद्द्याशी येऊन थांबतो.

गैरसमज २: पाच मिलिमीटरच्या पातळ चकतीने काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती: चकती जितकी जाड, तितकी नटाच्या वाट्याची आट्यांची लांबी कमी. नट स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतका चढलेला असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. १२ मिलिमीटर व्यासाच्या आणि दीड मिलिमीटर आट्यांच्या स्टडवर याचा अर्थ आठ पूर्ण फेरे. मूळ स्टडची लांबी फारशी जास्त नसेल, तर पाच मिलिमीटर गेल्यावर तीन फेऱ्यांहून अधिक कमी होतात आणि आटे सोलून निघण्याचा धोका वाढतो. अशा वेळी लांब स्टड बसवणे आवश्यक ठरते.

दुसरी अडचण मध्यावर बसण्याची. अनेक गाड्यांत हबला पुढे आलेली एक गोल कडा असते आणि चाक तिच्यावर नेमके मध्यभागी बसते. स्पेसरने ही कडा झाकली आणि त्याची स्वतःची तशी कडा नसली, तर चाक मध्यावर आणण्याचे काम केवळ नटांवर येते. ते किंचित जरी तिरपे बसले तरी वेग वाढताच गाडी थरथरते. जाडी कमी म्हणून धोकाही कमी, हा हिशोब म्हणूनच चुकीचा आहे. स्वतःचे स्टड असलेला आणि हबच्या कडेवर चपखल बसणारा जाड स्पेसर अनेकदा साध्या पातळ चकतीपेक्षा भरवशाचा असतो.

गैरसमज ३: नट जितका जोर लावून आवळावा तितके चाक पक्के.

वस्तुस्थिती: प्रवासी गाड्यांच्या नटांचा टॉर्क बहुधा ९० ते १३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. हवेच्या गनने किंवा पान्ह्याला पाइप लावून याच्या दुप्पट जोर दिला, तर स्टड लवचिकतेच्या मर्यादेपर्यंत किंवा तिच्याही पलीकडे ताणला जातो. असा ताणला गेलेला स्टड मूळ लांबीवर परतत नाही आणि त्याची धरून ठेवण्याची ताकद घटते.

आट्यांना ग्रीस किंवा तेल लावण्याची सवयही अशीच घातक. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत नट गंजतात म्हणून ग्रीस लावले जाते. पण टॉर्कचा बराचसा भाग एरवी घर्षणात खर्च होत असतो. ते घर्षण कमी झाले की त्याच टॉर्कला स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत. गंजाचा बंदोबस्त करायचा तो हबचा आणि स्पेसरचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून. तिथे गंज, माती किंवा रंगाचा जाड थर राहिला तर तो चालत्या गाडीत चेपला जातो आणि नटाचा ताण उतरतो.

गैरसमज ४: एकदा नीट आवळलेला नट आपोआप सुटत नाही.

वस्तुस्थिती: जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवून दिले, की जोडलेले भाग बोल्टच्या आडव्या दिशेने पुन्हा पुन्हा सरकले तर नट स्वतःहून फिरून सैल होऊ शकतो. चाकावर नेमके असेच आडवे धक्के सतत बसतात. त्यांना रोखतो तो पुरेसा ताण.

नवे पृष्ठभाग सुरुवातीच्या प्रवासात एकमेकांत बसतात आणि ताण थोडा कमी होतो. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्ह्याने नट पुन्हा तपासायचा तो यासाठीच. जाड स्पेसरमध्ये सांधे दोन होतात. हब आणि स्पेसर यांना जोडणारे आतले नट चाकाआड लपलेले असतात, त्यामुळे प्रत्येक तपासणीला चाक काढावे लागते. व्यवहारात हीच तपासणी सर्वांत जास्त टाळली जाते.

गैरसमज ५: चाके बाहेर आली की गाडी अधिक स्थिर होते.

वस्तुस्थिती: यात थोडे तथ्य आहे. दोन चाकांमधले अंतर १५०० मिलिमीटर असलेल्या गाडीला दोन्ही बाजूंनी २५ मिलिमीटरचे स्पेसर लावले, तर ते १५५० होते आणि उलटण्याला होणारा विरोध कागदावर सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो.

त्याची किंमत स्टिअरिंगला मोजावी लागते. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो, तो बिंदू आणि टायर टेकण्याचा मध्य यांतील अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये टायरचा मध्य मुद्दाम या बिंदूच्या आत ठेवला होता. ब्रेकचे एक सर्किट निकामी होऊन एकाच पुढच्या चाकाला ब्रेक लागला, तरी गाडी एका बाजूला ओढली जाऊ नये हा त्यामागचा हेतू. पुढे अनेक गाड्यांनी ही रचना स्वीकारली. स्पेसर टायरला बाहेर ढकलतो आणि हा फायदा कमी करतो किंवा उलटवतो. मग खड्ड्याचा धक्का थेट हातात येतो, आणि एका बाजूची चाके ओल्या व दुसऱ्या बाजूची कोरड्या रस्त्यावर असताना ब्रेक दाबला तर स्टिअरिंग जास्त ओढते.

गैरसमज ६: बेअरिंग खराब होते ते स्पेसरमुळे; बाहेर आलेल्या अलॉयने काही होत नाही.

वस्तुस्थिती: चाकाची मध्यरेषा हबच्या पृष्ठभागापासून किती अंतरावर आहे, हे ऑफसेटचा आकडा सांगतो. ४५ ऑफसेटच्या चाकाखाली २५ मिलिमीटरचा स्पेसर घातला, किंवा तितक्याच रुंदीचे २० ऑफसेटचे अलॉय लावले, तरी भाराची रेषा सारखीच बाहेर सरकते. बेअरिंगच्या दृष्टीने दोन्ही एकच. एका चाकावर ४०० किलो भार असेल, तर या २५ मिलिमीटरमुळे उभ्या गाडीतही जवळपास १०० न्यूटन-मीटर वाकवणारा जोर वाढतो. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटते. भार १० टक्क्यांनी वाढला तर आयुष्य सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते.

गैरसमज ७: स्टड तुटतो तो एखाद्या मोठ्या खड्ड्यात, अचानक.

वस्तुस्थिती: बहुतेक स्टड धातूच्या थकव्याने तुटतात. बारीक भेग आधी पडते, हजारो फेऱ्यांत वाढत जाते आणि उरलेला भाग शेवटी एकदम तुटतो. मधल्या काळात खुणा दिसतात: वेगाबरोबर वाढणारी थरथर, वळणावर टकटक आवाज, नटाभोवती गंजाच्या रंगाचे ओघळ, चाकाच्या छिद्रांची लांबट झालेली कड. यातले काही दिसले तर गाडी थांबवून चाक तपासावे. एक स्टड तुटला असेल तर त्याचा भार बाकीच्यांनी वाहिलेला असतो, म्हणून त्या चाकाचे सगळे स्टड बदलणे योग्य.

गैरसमज ८: दुकानात उघड मिळतो, म्हणजे कायद्याची हरकत नाही.

वस्तुस्थिती: विक्री आणि वापर या वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यातही अडचणीचा ठरू शकतो.

गैरसमज ९: स्पेसर लावला की चाक आज ना उद्या निखळणारच.

वस्तुस्थिती: तसे असते तर पोर्शेसारख्या कंपनीने आपल्या काही मॉडेलांसाठी स्वतःच स्पेसर आणि त्यांना साजेसे लांब बोल्ट दिले नसते. जर्मनीत तपासणी संस्थेच्या अहवालासह विकले जाणारे स्पेसर ठरावीक गाडी, ठरावीक चाक आणि ठरावीक बोल्ट यांच्यासाठीच मान्य असतात. स्पेसर सुरक्षित ठरतो तो या जुळणीमुळे. ओतीव, हलक्या दर्जाच्या अ‍ॅल्युमिनियमचे, ‘सगळ्या गाड्यांना चालणारे’ म्हणून अनेक छिद्रांचे किंवा एकावर एक रचलेले स्पेसर या कसोटीला उतरत नाहीत. नटाचा बसण्याचा आकारही चाकाशी जुळावा लागतो. गोल बैठकीच्या छिद्रात शंकूच्या आकाराचा नट आवळला तर तो नुसत्या कडेवर टेकतो. टायर घासण्याची अडचणच सोडवायची असेल, तर निर्मात्याने मान्य केलेल्या मापाचा टायर आणि योग्य ऑफसेटचे चाक घेतल्यास मुळात दुसऱ्या सांध्याची गरज उरत नाही.