शोधशब्दांवरील स्पर्धा कशी ओळखावी

आपल्या माजी विद्यार्थ्यांत लिहिणारे हात पुष्कळ आहेत, आणि आता त्यांतील अनेकांना आपले लेखन संकेतस्थळावर मांडावेसे वाटते. पण मांडलेले पान झरी जामणीच्या किंवा महागावच्या एखाद्या पालकाला सापडेल की नाही, हे केवळ लेखनाच्या गुणावर ठरत नाही. तो पालक मोबाईलवर दोन-चार शब्द टाकतो, गूगल त्याच्यापुढे दहाएक पाने ठेवते, आणि बहुधा तो त्यापलीकडे जात नाही. त्या शब्दांना शोधशब्द किंवा कीवर्ड म्हणतात. त्या दहांत जागा मिळणे कितपत शक्य आहे, हे लिहायला बसण्यापूर्वीच अजमावता येते.

निकालांचा आकडा लाखांत दिसला की नवखा माणूस खचतो. तो आकडा यंत्राने बांधलेला ढोबळ अंदाज असतो. त्यावर विसंबू नये. शंकरपटाला किती हजार माणसे जमली यावरून आपल्या जोडीचे भवितव्य ठरत नाही. शेजारी कोणती जोडी उभी आहे, ते पाहावे लागते. आपली शर्यत पहिल्या दहांशी असते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. गूगलच्या ‘कीवर्ड प्लॅनर’ या साधनात प्रत्येक शब्दापुढे स्पर्धा कमी, मध्यम की जास्त हे दाखविलेले असते. ती स्पर्धा जाहिरातदारांची आहे. ‘जात वैधता प्रमाणपत्र’ या शब्दावर जाहिरात देण्यास फारसे कोणी उत्सुक नसेल, म्हणून तेथे ‘कमी’ असे दिसेल. तरीही विनामूल्य निकालांत शासकीय खाती आणि मोठी वृत्तपत्रे ठाण मांडून असू शकतात. हा एक स्तंभ वाचून निर्णय घेणाऱ्यांची मेहनत बहुतेक वाया जाते.

तेव्हा ती दहा पाने प्रत्यक्ष उघडून वाचावीत. खासगी विंडोत शोध घ्यावा, म्हणजे आपल्याच जुन्या शोधांची छाया निकालांवर कमी पडते. पाने कोणाची आहेत? मथळ्यात नेमके तेच शब्द आहेत की मजकुरात कोठेतरी ओझरते आलेले आहेत? विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते का, की तीन वर्षांपूर्वीची तारीख तशीच पडून आहे? शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत टाकला, तर नेमकी तीच शब्दरचना असलेली पाने पुढे येतात. दहांपैकी सहा-सात पाने विषयाला नुसती स्पर्शून जात असतील, तर जागा मोकळी आहे असे समजावे.

त्या पानांना इतर किती संकेतस्थळे दुवे देतात, हेही पाहावे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभारले, तेव्हा दुवा म्हणजे मत, हीच त्यांची मूळ कल्पना होती. मात्र येथे सर्वांच्या मताचे वजन सारखे नसते. ज्याला स्वतःला अनेकांनी दुवे दिले आहेत, त्याचे मत जड. ‘मूकनायक’ या एका शब्दावर विकिपीडियाशी आणि वृत्तपत्रांशी झुंजण्यात म्हणूनच अर्थ नाही. ‘मूकनायकचा पहिला अंक कधी निघाला’ या प्रश्नाचेही उत्तर, ३१ जानेवारी १९२०, शेकडो ठिकाणी आहे. पण आपल्या तालुक्यातील जुन्या बुद्धविहाराचा किंवा वाचनालयाचा इतिहास कोण लिहिणार?

मराठीत एक वेगळी गुंतागुंत आहे. देवनागरी लिपी हिंदीचीही असल्याने ‘योजना’ किंवा ‘विद्यार्थी’ या शब्दांवर हिंदी पानांचीही गर्दी होते. ‘वसतिगृह’ म्हटले की मैदान आकसते, कारण हिंदीत त्याला छात्रावास म्हणतात. त्यातही शुद्ध रूप ‘वसतिगृह’ असताना असंख्य लोक ‘वसतीगृह’ लिहितात, काही ‘हॉस्टेल’ लिहितात, आणि अनेक मुले मराठीच रोमन अक्षरांत टाकतात. प्रत्येक रूपाचे दहा निकाल वेगळे असू शकतात. सर्व रूपे तपासावीत. मथळा मात्र शुद्धच ठेवावा, असे आमचे मत आहे. शाळेच्या नावाने जाणारे लेखन आहे ते.

मैदान मोकळे दिसले म्हणजे तेथे प्रेक्षक आहेतच असे नाही. शोधपेटीत शब्द टाकताना खाली उमटणाऱ्या सूचना लोक काय विचारतात ते सांगतात. ‘गूगल ट्रेंड्स’मधील शून्य ते शंभर हे आकडे सापेक्ष असतात, शोधांची संख्या नव्हे, लहान गावांच्या शब्दांना तेथे बहुधा रिकामीच आलेखपट्टी मिळते.

स्वाधार योजनेचेच उदाहरण घेऊ. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. नुसत्या ‘स्वाधार योजना’ या शब्दांवर उतरू नये. तेथे शासनाचे पान वर असेल तर ते तसेच असावे. आपण त्याचा दुवा द्यावा. परंतु ‘स्वाधार योजना अर्ज यवतमाळ कोठे’ किंवा ‘अर्जात त्रुटी निघाल्यास काय करावे’ असे लांब शोध तपासावेत. तेथे जाहिरातींनी भरलेली, मागील वर्षाची मुदत छापलेली खासगी पाने वर असतील, तर घाटंजीच्या एखाद्या मुलीचे वर्ष त्यांपायी बुडू शकते. अशा जागी उतरायचे. ही तपासणी दहावी-बारावीच्या निकालापूर्वी, एप्रिलमध्ये, एकदा आणि प्रवेश सुरू झाल्यावर पुन्हा करावी. या दोन महिन्यांत पहिली दहा पाने बरीच बदललेली असू शकतात.