दगडाचं युग, मग दोरीचं कुठं गेलं?

हातातलं काम चालू ठेवा, कान इकडे द्या.

शाळेत आपण अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग शिकलो. पण दगडाची कुऱ्हाड दांड्याला बांधायची कशानं? माशाचं जाळं, टांगायचं शिंकं, लेकराची झोळी, सगळ्याला दोरी लागते. तिचं युग मात्र पुस्तकात नाही.

एलिझाबेथ वेलँड बार्बर या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९९४ साली यावरच पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ असा : बायकांचं काम, पहिली वीस हजार वर्षं. त्या सांगतात, दगड आणि धातू मातीत टिकतात, सूत कुजतं. जे सापडलं त्याचाच इतिहास झाला.

मग कातणं-विणणं बहुतेक ठिकाणी बायकांकडे का आलं? अंगावर पिणारं मूल असलं की काम घराजवळ हवं, धोक्याचं नको, मध्येच सोडून पुन्हा धरता यावं. चाती तशी, मागही तसा. बाईला दुसरं जमत नाही, असा याचा अर्थ नाही. पुढं इजिप्तमध्ये पुरुषही मागावर बसले.

ऑस्ट्रियात हॉलस्टॅट इथल्या जुन्या खाणीत मिठामुळं कापडाचे तुकडे टिकले. बार्बरबाईंनी त्यातल्या एकासारखं कापड स्वतः मागावर विणलं. विणता विणता कळलं, आपण ताणा आणि बाणा उलटे धरलेत! नुसतं बघून जे कळलं नाही, ते हातांना कळलं.

आपल्याकडेही असा पुरावा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवाशाच्या उत्खननात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली आणि मण्यांत दोऱ्याचा अंश. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. तो कुणीतरी पिळला होता. त्या हातांचं नाव कुठं नाही.

आता आजचं बघा. कुणी विचारलं, "ताई, काय करता?" तर आपण म्हणतो, "काही नाही, घरीच असते." बियाणं राखणं, गोधडी शिवणं, शेळ्या सांभाळणं, हे 'काही नाही'? सूत कुजलं म्हणून लिहिलं गेलं नाही. आपलं काम आपणच सांगत नाही, म्हणून लिहिलं जात नाही.

येत्या बैठकीत गटातल्या सगळ्यात वयस्कर आजीला विचारा : तुमच्या हातानं काय काय केलंत? आणि ते गटाच्या वहीत लिहून ठेवा, आजीच्या नावासकट.