मादक द्रव्ये : प्रकार आणि इलाज

दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी एका रसायन कारखान्यातून ६०० किलोंहून अधिक मेफेड्रोनचा मुद्देमाल जप्त केला. अमली पदार्थांचा उगम दूरदेशीच असतो, ही आपली समजूत त्यानंतर टिकू नये.

मेफेड्रोन, कोकेन आणि तंबाखूतील निकोटिन ही उत्तेजक द्रव्ये होत, मद्य, अफू व तिच्यापासून निघणारा हेरॉइनचा भेसळयुक्त प्रकार ‘गर्द’ ही मज्जासंस्थेस मंद करणारी, एलएसडी भ्रमजनक, गांजा, चरस व भांग एकाच वनस्पतीची. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत मद्य व तंबाखू येत नाहीत, परंतु त्यामुळे त्यांची हानी यत्किंचितही उणावत नाही.

व्यसनाधीनता हा चारित्र्याचा दोष नसून मेंदूचा विकार आहे, आणि म्हणूनच, दीर्घकाळ नित्य मद्यपान करणाऱ्या इसमाची दारू घरच्यांनी, कितीही सद्हेतूने का होईना, एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप, झटके आणि प्रसंगी प्राणघातक ठरणारा उन्मादभ्रम उद्भवू शकतो. सबब हा प्रयोग वैद्यकीय देखरेखीवाचून कदापि करू नये.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, १९८६ मध्ये पुण्यात स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात अशा देखरेखीखाली उपचार होतात. व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाचा निःशुल्क मदत क्रमांक १४४४६ आहे.