गोदूताईंच्या नावाचं घर

सोलापूरहून अक्कलकोट रोडला लागलं, की कुंभारी येतं. तिथल्या विडी कामगार महिलांच्या वसाहतीत परवा जाणं झालं. दहा हजार घरं! २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. नाव गोदूताई परुळेकरांचं.

दारात सूप घेऊन विडी वळत बसलेल्या एकीला विचारलं, "अक्का, या गोदूताई कोण हो?"

हात न थांबवता ती म्हणाली, "लई मोठ्या बाई होत्या म्हनतात. आमच्यासारख्यांसाठी भांडायच्या."

एवढंच! पण मला ते पुरलं. घरी येऊन गोदूताईंविषयी पुन्हा वाचलं.

१९०७ साली पुण्यातल्या गोखल्यांच्या सुखवस्तू घरात जन्म. कायद्याची पदवी घेतलेली मुलगी. १९३२ मध्ये सत्याग्रहात तुरुंगात गेली. सुटून आली, तर वडिलांनी घराचं दार बंद केलं. मग मुंबई गाठली. भारत सेवक समाजाची पहिली स्त्री आजीव सदस्य झाली. प्रौढ बायकांना अक्षरं शिकवली, घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. पण शिकवून, समजावून सगळं सुटत नाही, हे कळलं तेव्हा ती राजकारणात उतरली. पती शामराव यांच्यासोबत कम्युनिस्ट पक्षात गेली.

१९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातले वारली उठले, त्यात त्या पुढे होत्या. लग्नासाठी कर्ज काढलं, की नवरा-बायको दोघंही सावकाराचे गुलाम! त्यांना 'लग्नगडी' म्हणत. बाईच्या अब्रूलाही मोल नव्हतं. वेठबिगारीची आणि लग्नगड्यांची ही पद्धत त्या लढ्यानं मोडली. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकिकत आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मंत्रिपद मात्र कधी नाही. १९८६ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. १९९६ मध्ये गेल्या.

मैत्रिणींनो, राजकारण म्हटलं की आपण नाक मुरडतो. "तो पुरुषांचा धंदा" म्हणून चहा ठेवायला उठतो. पण कुंभारीच्या बायकांनी मोर्चे काढले नसते, तर डोक्यावर छप्पर आलं असतं का?

जिला माहेरचं दार बंद झालं, तिचं नाव आज दहा हजार दारांवर आहे. पुढच्या वेळी वॉर्डातली बाई मत मागायला आली, तर तिला आत बोलवा. पाणी कधी येणार, तेही विचारा!