अजब बंगला, झिरो माईल आणि हळू चालणारी पावले

घरातील ज्येष्ठ व्यक्ती गेल्या सहा महिन्यांत किती वेळा उंबरठ्याबाहेर पडली, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. बहुतेक घरांत उत्तर एकसारखेच येते : रक्ततपासणी, डोळ्यांचा दवाखाना, हयातीच्या दाखल्यासाठी बँक आणि एखादे लग्न. औषधे वेळेवर दिली जातात, पथ्यही सांभाळले जाते. मात्र काहीतरी पाहण्यासाठी म्हणून बाहेर पडणे कधी थांबले, हे कुणाच्या लक्षातही आलेले नसते.

नागपूरकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्स यांच्या मधल्या पट्ट्यात पाहण्याजोगे इतके आहे की एक हिवाळा पुरणार नाही. प्रथम आठवतो तो अजब बंगला. १८६३ साली स्थापन झालेले हे मध्यवर्ती संग्रहालय जुन्या पिढीला याच नावाने ठाऊक आहे. शाळेच्या सहलीत पेंढा भरलेला वाघ पाहून भ्यालेली मुले आज सत्तरीत आहेत. तेथे शिल्पे, नाणी, शस्त्रे, आदिवासी जीवनातील वस्तू आणि चित्रे आहेत. आपण मात्र एका खेपेस एकच दालन निवडावे. संपूर्ण संग्रहालय उरकण्याचा हट्ट तरुणांनाही थकवतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो पुन्हा न येण्याचे कारण देतो.

एका शिल्पासमोर दहा मिनिटे बसावे, हे सांगण्यामागे केवळ सोय नाही. लंडनच्या संशोधकांनी इंग्लंडमधील पन्नाशीपुढच्या ६,७१० व्यक्तींची सुमारे १४ वर्षांची माहिती तपासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही महिन्यांच्या अंतराने का होईना, पण नियमितपणे संग्रहालय, कलादालन किंवा नाट्यगृहात जाणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळला. आर्थिक स्थिती आणि आजारपण यांचा हिशेब धरल्यानंतरचा हा आकडा आहे. अर्थात, चित्र पाहिल्याने आयुष्य वाढते असे यातून सिद्ध होत नाही. जो बाहेर पडू शकतो तो मुळातच बरा असतो, ही शंका पूर्णपणे फिटत नाही. तरीही बाहेर पडण्यासाठी करावी लागणारी तयारी, चालणे, नवे काही पाहणे आणि त्याविषयी कुणाशी तरी बोलणे, या साऱ्यांची बेरीज एका सकाळीत होते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीबरोबर जाणाऱ्यांनी एक पथ्य अवश्य पाळावे. ‘आठवतं का, आपण इथे आलो होतो?’ हा प्रश्न विचारू नये. तो प्रेमाने विचारला तरी ऐकणाऱ्याला परीक्षेसारखा वाटतो, आणि उत्तर न आल्याची खंत दोघांच्याही चेहऱ्यावर उमटते. त्याऐवजी ‘या मूर्तीच्या हातात काय दिसतंय?’ असे विचारावे. समोर दिसते आहे ते सांगायला स्मरणशक्ती लागत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी चालवलेल्या भेटींचा आधारही हाच होता : मोजकी चित्रे, निवांत बसणे आणि चूक-बरोबर न ठरवता बोलणे. उत्तर चुकीचे आले, तर दुरुस्त करू नये. वडिलांना शिल्पातील यक्ष हा गावचा पाटील वाटला, तर त्या पाटलाची गोष्ट ऐकावी.

संग्रहालयापासून जवळच झिरो माईलचा स्तंभ आहे. १९०७ साली सर्वेक्षणासाठी उभारलेला हा वालुकाश्माचा स्तंभ आणि त्याच्याजवळचे चार घोडे आपण बसच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिले असतील. थांबून क्वचितच पाहिले असतील. रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, हैदराबाद अशा गावांची मैलांतील अंतरे त्यावर कोरलेली आहेत. जुन्या मध्य प्रांतात ज्यांचे माहेर किंवा नोकरी विखुरलेली होती, त्यांच्यासाठी ही नावे निव्वळ भूगोल नाहीत. ती मोठ्याने वाचून दाखवावीत आणि मग गप्प राहावे.

याच परिसरात गोवारी शहीद स्मारकही आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधान भवनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. ज्येष्ठांच्या मनाला त्रास नको म्हणून आपण अशा जागा टाळतो. वास्तविक त्या दिवसाच्या आठवणी असलेली माणसे आज वृद्ध आहेत, आणि त्यांना त्याविषयी कुणी विचारत नाही. डोळे भरून आले तर विषय बदलण्याची घाई करू नये. नैराश्यावर उपचार चालू असतील, तर मात्र ही भेट पुढे ढकललेली बरी.

भिंतीवरची चित्रे पाहायला खाली उतरण्याचीही गरज नाही. मार्च २०२३ मधील ‘सी-२०’ परिषदेच्या निमित्ताने शहरातील अनेक भिंती रंगल्या. ज्यांना चालणे अशक्य आहे, त्यांना रविवारी सकाळी, रहदारी वाढण्याआधी, रिक्षातून सावकाश फिरवून आणता येते. मेट्रोची स्थानके उद्वाहकाने जोडलेली असल्यामुळे व्हीलचेअरही नेता येते.

आता काही वैद्यकीय गोष्टी. उन्हातून अंधाऱ्या दालनात शिरताना वृद्ध डोळ्यांना सरावण्यास वेळ लागतो. दाराशी दोन-तीन मिनिटे थांबावे. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायऱ्या धूसर दिसतात, म्हणून उतरताना कठड्याचा आधार आणि आपला हात, दोन्ही हवेत. बराच वेळ बसून एकदम उठल्यास रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशीची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी, परस्पर चुकवू नये. घडीचे स्टूल, पाणी आणि स्वच्छतागृहाची आधीच केलेली चौकशी एवढी शिदोरी पुरते. संग्रहालय सोमवारी बंद असते. आणि ऋतूचे म्हणाल, तर दिवाळी ते महाशिवरात्र हाच आपला काळ. नागपूरच्या उन्हाळ्यात या साऱ्याचा विचारही करू नये.

विख्यात चित्रकार सय्यद हैदर रझा याच शहरातील कलाशाळेत १९३९ ते १९४३ या काळात शिकले. साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून २०१० च्या अखेरीस, वयाच्या ८८व्या वर्षी ते भारतात परतले आणि त्यानंतरही चित्रे काढत राहिले. आपल्या घरातील आजी कदाचित रांगोळीचे ठिपके तितक्याच निगुतीने मांडत असत. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या सिव्हिल लाइन्समधील आवारात हिवाळी हस्तकला मेळा भरतो, तेव्हा विणकर आणि कुंभार समोर बसून काम करताना दिसतात. तेथे त्यांना न्यावे आणि खुर्ची कारागिराच्या अगदी जवळ ठेवावी. किती वेळ थांबायचे, ते आजीच ठरवतील.