चित्रफितींच्या संकलनासाठी लॅपटॉप : रॅम किती असावी?

ग्रामसभेच्या कामकाजाचे चित्रीकरण, विज्ञानप्रयोगाचा दहा मिनिटांचा पाठ, पाणलोट क्षेत्रातील कामांपूर्वीची व नंतरची स्थिती दाखविणारा छोटा माहितीपट अशा चित्रफिती आता गावोगावी तयार होत आहेत. २०२० व २०२१ मध्ये कोविडमुळे शाळा बंद असताना अनेक शिक्षकांनी आपले पाठ चित्रित केले आणि ही विद्या पुष्कळांच्या अंगवळणी पडली. मोबाइल फोनमुळे चित्रीकरणाचा प्रश्न बहुतांशी सुटलेला आहे. अडचण उद्भवते ती पुढच्या टप्प्यावर, म्हणजे नको असलेला भाग कापून, आवाज व मथळे जोडून सलग चित्रफीत तयार करताना.

या संकलनासाठी लॅपटॉप घ्यावयाचा ठरला की रॅम किती असावी, हा प्रश्न हमखास पुढे येतो. विक्रेता ३२ जीबीचा आग्रह धरतो, तर लेखाशाखेला ८ जीबी पुरेशी वाटते. रॅम अपुरी घेतली तर यंत्र वर्षभरात कपाटात जाऊन बसते. गरजेहून जादा घेतली तर त्याच रकमेतून येऊ शकणारा चांगला मायक्रोफोन राहून जातो, आणि ग्रामसभेच्या बहुतेक चित्रफिती चित्रापेक्षा आवाजातच कमी पडतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. हा निर्णय घेण्यास थोडेसे अंकगणित पुरते.

टेबल आणि कपाट

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. जाहिरातीत ‘८ जीबी, ५१२ जीबी’ असे दोन आकडे शेजारी छापलेले असतात. त्यांपैकी ५१२ हा आकडा साठवणुकीचा, म्हणजे कार्यालयातील कपाटाचा होय. पहिला आकडा रॅमचा. रॅम म्हणजे लिपिकापुढील टेबल. ज्या कागदावर या क्षणी काम चालू आहे तो टेबलावरच असावा लागतो. कपाट कितीही मोठे असले तरी त्यामुळे टेबल रुंद होत नाही.

फाइल लहान, चित्र मोठे

फोनवर १०८०पी दर्जाने एक मिनिट चित्रीकरण केल्यास साधारणतः सव्वाशे एमबीची फाइल तयार होते. मग १६ जीबीच्या टेबलावर ती सहज मावावी, असे कोणासही वाटेल. परंतु ही फाइल घडी घातलेली असते. लागोपाठच्या दोन चित्रांत फारसा फरक नसतो, म्हणून फोन प्रत्येक चित्र पूर्ण न साठविता मुख्यतः बदल तेवढा टिपून ठेवतो. संकलन करताना मात्र संगणकाला ही घडी उलगडावी लागते.

१०८०पी दर्जाच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास एका चित्रास सुमारे ८.३ एमबी लागतात. सेकंदाला ३० चित्रे धरली तर एका सेकंदास सुमारे २५० एमबी आणि एका मिनिटास जवळजवळ १५ जीबी होतात. सव्वाशे एमबीच्या फाइलची उलगडल्यावर शंभरपटीहून अधिक वाढ होते. ४के दर्जात बिंदूंची संख्या चौपट असल्याने एका सेकंदासच सुमारे १ जीबी लागते. चित्रावर दुसरे चित्र बसविले, मथळा सरकविला वा रंग सुधारले की हा भार आणखी वाढतो.

सुदैवाने संकलनाची आज्ञावली संपूर्ण चित्रफीत एकाच वेळी उलगडत नाही. ज्या भागावर काम चालू आहे त्याच्या आसपासची चित्रे तेवढी ती रॅममध्ये ठेवते. लॅपटॉपची मूळ प्रणाली व ब्राउझर मिळून ४ ते ६ जीबी सहज घेतात. शिवाय स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात पडद्याचे कामही याच रॅममधून आपला वाटा उचलते. म्हणून ८ जीबीच्या यंत्रात संकलनास जेमतेम २ ते ४ जीबी उरते, तर १६ जीबीच्या यंत्रात सुमारे १० जीबी. रॅम दुप्पट, पण कामास उरणारी जागा तिपटीच्या आसपास, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जागा अपुरी पडली की संगणक रॅममधील काही भाग साठवणुकीत हलवितो व लागेल तसा परत आणतो. प्रचलित डीडीआर-४ रॅमची एक पट्टी सेकंदाला २५ जीबीपर्यंत देवघेव करू शकते. जुन्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १०० ते १५० एमबीच्या घरात असतो. एनव्हीएमई प्रकारची नवी साठवण ३ जीबी व त्याहून अधिक वेग देते, तरीही ती रॅमची बरोबरी करू शकत नाही. चित्र अडखळणे आणि आवाज पुढे व चित्र मागे राहणे, हे अनेकदा याच ओढाताणीचे लक्षण असते.

कोणत्या कामास किती

शॉटकट ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली १०८०पीसाठी किमान ८ जीबी व ४केसाठी १६ जीबी सुचविते. अडोबीच्या प्रीमियर प्रोसाठी अनुक्रमे १६ जीबी व ३२ जीबी इतकी शिफारस आहे. शाळा वा ग्रामपंचायतीच्या १०८०पी दर्जाच्या कामास १६ जीबी योग्य, असे आमचे स्पष्ट मत आहे. नवे यंत्र ८ जीबीचे घेऊ नये. ३२ जीबीची मागणी मान्य करण्यापूर्वी नियमितपणे ४के चित्रीकरण होते काय, वा एकाच वेळी तीन-चार कॅमेऱ्यांचे चित्रण जोडावे लागते काय, हे विचारून घ्यावे. पुष्कळदा असे आढळेल की कोणीतरी फोनमधील मांडणी ४केवर ठेवून दिली होती, इतकेच. ती १०८०पीवर आणण्यास एक पैसाही लागत नाही, आणि मोबाइलवर वा वर्गातील दूरदर्शन संचावर पाहणारास फरक क्वचितच जाणवतो. ४केच हवे असेल तर प्रॉक्सी, म्हणजे लहान आकाराच्या तात्पुरत्या प्रती करून संकलन करण्याची सोय बहुतेक आज्ञावलींत आहे.

रॅम वाढवूनही काम संथच राहते, असाही प्रकार घडतो. एच-२६५ या नव्या पद्धतीच्या फाइलची घडी उलगडण्याचे कष्ट प्रोसेसर व ग्राफिक्स यांना पडतात. तेथे टेबल रुंद करून उपयोग नसतो.

विंडोजवरील जुन्या यंत्रात दोष कोठे आहे ते पाहणे सोपे आहे. संकलन चालू असताना कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्यात. उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात मेमरी व सीपीयू या दोहोंचा वापर दिसतो. मेमरी सतत ९० टक्क्यांवर असेल तर रॅम वाढवावी. मेमरी निम्मी मोकळी आणि सीपीयू शंभरावर असेल तर त्या खर्चाची नस्ती तेथेच बंद करावी.

खरेदीपूर्वी

कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पटलावरच डाख देऊन बसविलेली असते व ती पुढे बदलता येत नाही. ॲपलच्या मॅकबुकचीही तीच गोष्ट. अशा यंत्रात पाच वर्षांची गरज आजच धरावी लागते. ज्यात दोन खाचा आहेत असे यंत्र शाळेस अधिक सोयीचे. १६ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवता येते. ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्यास देवघेवीचा मार्ग दुपदरी होऊन वेग थोडा वाढतो, पण पुढे वाढ करताना जुनी पट्टी काढून टाकावी लागते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे स्मृतिपट्ट्यांचे भाव जगभर चढले, तेव्हा ‘नंतर स्वस्तात वाढवू’ हा हिशेब दर वेळी जमेलच असे नाही. डीडीआर-४ची पट्टी डीडीआर-५च्या खाचेत बसत नाही, हेही मागणीपत्र लिहिताना पाहावे.

मागणीपत्रात केवळ ‘१६ जीबी रॅम’ एवढे लिहून भागत नाही. रॅमचा प्रकार, खाचांची संख्या व कमाल किती वाढविता येईल, हे तिन्ही तपशील मागावेत. यंत्र ताब्यात घेताना टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर एकूण रॅम व वापरात असलेल्या खाचांची संख्या पडताळून ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत उतरवून ठेवावी, म्हणजे दोन वर्षांनी बदलून येणाऱ्या ग्रामसेवकास वा मुख्याध्यापकास यंत्र न उघडताच दुसरी पट्टी मागविता येईल.